टोचल्याचा दाखला

चैत्र लागला की राजारामपुरीच्या रस्त्यावर दवण्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका दिसायला लागतात आणि माझ्या नाकाचा घोटाळा सुरू होतो. बाकीच्या कोल्हापूरला दवण्याच्या वासानं जोतिबाचा डोंगर आठवतो, सासनकाठ्या आठवतात, गुलालानं माखलेली माणसं आठवतात. मला स्पिरिट आठवतं. कापसाच्या बोळ्यावर ओतलेलं, दंडावर चोळलेलं, वाऱ्याची झुळूक आली की गार लागणारं स्पिरिट. हे दोन वास माझ्यात असे कालवले गेलेत की देवळात कुणी हातावर दवणा ठेवला, तर मी नकळत शर्टाची बाही वर सरकवतो. बायको म्हणते, लोक बघतात. बघू देत. लोकांनी माझं याहून वाईट पाहिलंय.

कारण साधं आहे. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात एक दंड माझ्यासमोर आला होता आणि मी तो टोचला नाही. त्या पंधरवड्यात हजारभर दंड टोचले असतील, हा एक सोडला. हजारांपैकी एकही आता आठवत नाही. सोडलेला तेवढा आठवतो, कोपराच्या वरच्या देवीच्या वणासकट.

यंदा दवण्याच्या जोडीला घरात आणखी एक कारण झालं. आमची अलका बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी नर्सिंगचा अर्ज घेऊन आली. निकाल लागायचाय, अकरावीला वर्गात पहिली होती, पेपर छान गेलेत, आणि ही म्हणते, मार्क कितीही पडू देत, मी नर्स होणार. माझे वडील, आमचे अण्णा, आता ऐंशीला टेकलेत. आरामखुर्चीतनं अर्धे उठून बसले. "मार्क पडायच्या आधीच हरली व्हय ही?" असं त्यांनी मला विचारलं. तिला नाही, मला. आमच्या घरात हरण्यातला जाणकार मी आहे.

अलकानं त्यांना उलट एकच विचारलं. गेल्या साली त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर खाटेपाशी किती वेळ थांबायचे? दोन मिनिटं, कामाचा माणूस तो, असं अण्णा अभिमानानं म्हणाले. जणू दोन मिनिटं थांबणं हे त्यांचंच कर्तृत्व. आणि सिस्टर? यावर अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं.

"मला दिवसभर थांबायचंय आजोबा," अलका म्हणाली आणि आत निघून गेली. जाता जाता मला विचारून गेली, "आप्पा, तुम्ही कसं हो ठरवलंत, डॉक्टर नाही व्हायचं म्हणून?"

ठरवलं. हा शब्द ऐकून मला हसू आवरेना. पोरी, तुझ्या बापानं आयुष्यात काही ठरवलेलं नाही. ते एका बेडकानं ठरवलं.

इंटर सायन्सचं प्रॅक्टिकल होतं. तेव्हा बेडूक कापायला लागायचा. आधी बरणीत क्लोरोफॉर्म देऊन त्याला निपचित करायचं, मग ट्रेमध्ये उताणा घालून चारी पायांना टाचण्या मारायच्या. मी मुळातच घाईचा माणूस. बरणीत बेडकानं डोळे मिटले एवढं बघितलं आणि काढला बाहेर. त्यानं डोळे बहुधा लाजेनं मिटले असावेत. पहिली टाचणी टोचली मात्र, गडी उठला आणि उडी मारून थेट बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या कागदांवर जाऊन बसला. मी कात्री घेऊन मागे. दोन टेबलं, एक स्टूल आणि परीक्षकांचा चष्मा एवढी मजल मारल्यावर सुधाकरनं, माझ्या जिवलग मित्रानं, डावा हात नुसता लांब केला आणि बेडूक अलगद पकडला. उजव्या हातानं त्याचं स्वतःचं कापणं चालूच होतं. परीक्षकांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात त्याची मिरजेची मेडिकलची जागा होती. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

निकालाच्या दिवशी अण्णांनी मार्कांचा कागद बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, "बेडूक गेला कुठं शेवटी?" त्यांना तेवढंच समजून घ्यायचं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

अण्णा कचेरीत कारकून होते. साहेबलोकांच्या सह्यांसाठी दारात उभं राहण्यात त्यांची हयात गेलेली. आपल्या पोराच्या दारात लोक उभे राहावेत, एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती. ती इतकी, की मी इंटरला असतानाच त्यांनी गवंडी बोलावून आमच्या पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार पाडून घेतलं. पेशंटांसाठी. घरच्या बायकांची वर्दळ एकीकडनं, पेशंटांची दुसरीकडनं, अशी सोय. गल्लीत कुणी विचारलं की सांगायचे, डॉक्टरीण सूनबाई आली तर तिलाही बसता येईल एवढी खोली हाय. निकालानंतर त्या दाराला आतून अडसर लागला आणि दाराशी माझी सायकल उभी राहायला लागली. दार अजून आहे, परवाच रंग दिला. अण्णा ते बुजवू देत नाहीत.

मी मग आरोग्य खात्यात चिकटलो. सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स केला, म्हणजे विहिरीत औषध टाकायचं, गटारांची पाहणी करायची, साथीच्या दिवसांत लस टोचायची. हुद्दा तसा बरा होता, पण गल्लीला इन्स्पेक्टर म्हटलं की फौजदार लागायचा आणि माझ्याकडे दांडकं नव्हतं, सुई होती. खेड्यात लस टोचणाऱ्याला देवी-डॉक्टर म्हणायचे. आमच्या गल्लीनं त्यातली देवी काढली आणि मला नुसतंच 'काय डॉक्टर' करून टाकलं. म्हणणारा हसायचा, मीही हसायचो. सुधाकरला मात्र मी मिरजेला पत्रं लिहायचो ती निराळ्या थाटात. मी पब्लिक हेल्थमध्ये आहे, फील्डवर फार काम असतं, अशी. गटाराचा उल्लेख पत्रात येऊ दिला नाही. तोही तिकडनं हाडांबद्दल, मुडद्यांबद्दल लिहायचा, आणि मी ती पत्रं वाचून झाली की फाडून टाकायचो. माझ्यासारख्या सज्जन माणसाला मत्सर असतो हे मला तेव्हाच कळलं.

सुधाकरची आई शांताकाकू. चार घरं सोडून राहायच्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या. सुधाकर लहान असतानाच त्याचे वडील गेले. आम्ही दोघं अभ्यासाला काकूंच्या स्वयंपाकघरात बसायचो आणि त्या भाकरी थापता थापता आमची उजळणी घ्यायच्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर, पिठाचे हात वर, पान आम्ही उलटायचं. त्यामुळे त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ झालं. पुढे सुधाकर सुट्टीला आला की अॅनॉटमी त्यांच्यासमोरच घोकायचा, तर त्यांनी सगळी हाडं आणि स्नायू तोंडपाठ करून टाकले. बाजारात भाजीवालीचा खांदा दुखतोय म्हटल्यावर तिला म्हणाल्या, डेल्टॉइड धरला असेल गं तुझा. भाजीवालीनं घाबरून दोन कोथिंबिरीच्या जुड्या जास्त दिल्या. काकूंनी हे सांगताना इतकं हसायचं की पदर डोळ्याला लावायचा. मेडिकलला खरं तर त्यांनीच जायला हवं होतं. बेडूक त्यांनी नीट झोपवला असता.

तर चैत्र. तेव्हा जोतिबाच्या यात्रेला पटकीची लस सक्तीची होती. पटकी म्हणजे कॉलरा. पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंत शहरात ठिकठिकाणी टोचणीची टेबलं लागायची. टोचून घेतलं की बदामी कागदाचा दाखला मिळायचा, नाव, वय, सही, जांभळा शिक्का. पौर्णिमेला डोंगराच्या पायथ्याला नाक्यावर तो दाखवायचा आणि मग वर जायचं. लस वाईट नव्हती पण सुया होत्या. त्याच त्याच उकळून बोथट झालेल्या. टोचलं की रात्रभर ताप आणि दोन दिवस दंड लिंबाएवढा. लोक घाबरायचे.

आणि इथं माझ्या नोकरीला अचानक भाव आला.

आपल्याकडे ओळख कशासाठी असते? इतरांना जे करावं लागतं ते आपल्याला करावं लागू नये, यासाठी. रांगेत उभं राहावं लागू नये, टोचून घ्यावं लागू नये. टोचणाराच ओळखीचा असल्यावर मग टोचून घ्यायचं म्हणजे ओळखीचा अपमान. पाडव्याच्या आदल्या दिवसापासून आमच्या त्या पेशंटांच्या दाराची कडी वाजायला लागली. अण्णांनी अडसर काढला. माझी सायकल बाजूला गेली. पुढच्या खोलीत गल्लीतली माणसं बाकावर ओळीनं बसली, आणि अण्णा आत येऊन हळूच सांगायचे, मास्तरांच्या घरचे सातजण हायेत, वाण्याकडचे चौघे, बघ की जरा. मी कोरे दाखले घरी आणून ठेवलेले असायचे. नावं घालायची, सही करायची, शिक्का मारायचा. कुणाच्या दंडाला हात लावायचा नाही. लोक जाताना म्हणायचे, पोरगं कामाला आलं हो अण्णा. माझ्या बापाच्या चेहऱ्यावर मार्कांच्या कागदानंतर पहिल्यांदा तेज दिसलं ते त्या दिवसांत. त्याच्या पोराच्या दारात लोक उभे होते. काही मिळत नव्हतं, मागतही नव्हतो. मला तेवढा तो चेहरा पुरत होता. आजारी नसलेल्या माणसांना औषध न देता परत पाठवणारा असा डॉक्टर गावात दुसरा नव्हता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात आमचं टेबल लागलं. स्टोव्हवर पातेल्यात सुया उकळत होत्या. बाहेर कडुलिंबाला मोहोर आलेला, खाली पांढरा सडा. मी खाकी अर्ध्या बाहीच्या शर्टात, समोर खेड्याकडनं बाजाराला आलेल्या माणसांची रांग. शिपाई ओरडत होता, बाह्या वर करा पावणं, बाह्या वर. आणि रांगेत पहिल्या पाचात शांताकाकू. शाळेत जायची पांढरी साडी, हातात छत्री. शेजारी सुधाकर, सणाला घरी आलेला, पॅन्टच्या खिशातनं स्टेथस्कोपची नळी बाहेर लोंबत होती. चुकून नव्हे, तेवढीच बाहेर राहील अशी ठेवलेली. मी त्याच्या जागी असतो तर गळ्यात घातला असता.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. सुईकडे बघून त्याची भुवई थोडी वर गेली. माझ्या पत्रांमधलं सगळं पब्लिक हेल्थ त्या एका भुवईनं गटारात पडलं.

काकू पुढे आल्या, स्वतःच बाही वर केली आणि दंड माझ्यासमोर धरला. "डेल्टॉइडवर टोच हं वसंता, चुकू नको," म्हणाल्या, आणि रांगेतल्या बायांकडे बघून हसल्या. त्यांना माझा अभिमान वाटत होता. गल्लीत एकट्या त्याच खरोखर टोचून घ्यायला आल्या होत्या, तेही रांगेत उभं राहून, आणि लेकराला शाळेतलं चित्र दाखवायला सांगावं तसं मला माझं काम दाखवायला सांगत होत्या.

मी बोळा उचलला, स्पिरिट लावलंसुद्धा. तो गार डाग त्यांच्या दंडावर वाळताना मला अजून दिसतो. पण सुई माझ्या हातात आणि सुधाकर समोर, हे जमेना. त्याच्या आईच्या दंडात ती बोथट सुई घालताना त्यानं मला बघावं, मग मिरजेला जाऊन सांगावं, आमच्या गल्लीतला एक टोच्या आहे म्हणून. मी सुई ठेवून दिली. काहीतरी मोठ्या माणसासारखं करावंसं वाटलं. उदार, साहेबासारखं. मी म्हणालो, काकू, तुम्हाला कशाला उगीच, हात सुजेल, फळ्यावर लिहायचं असतं तुम्हाला, दाखला देतो की.

"अरे पण मी टोचून घ्यायलाच आलेय," काकू म्हणाल्या.

"जाऊ दे की आई," सुधाकर म्हणाला. "वश्या सोडतोय तर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. एवढे दोन शिकलेले म्हणतायत म्हटल्यावर त्यांनी बाही खाली केली. दाखला घडी घालून बटव्यात ठेवला. थोड्या हिरमुसल्या होत्या. "हात हलका हाय म्हणतात तुझा," जाताना म्हणाल्या. "बघायचं होतं."

मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे 'टोचले' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं. इंटरला तेवढ्याचेच मार्क पडले होते.

पौर्णिमेला मी पायथ्याच्या नाक्यावर होतो. ऊन इतकं की शिक्क्याची शाई डबीत वाळायची. गुलालानं माणसं, बैल, एस.टी.चे टप सगळं एकाच रंगाचं. काकू शेजारणींबरोबर आल्या, कपाळावर घाम, हातात दवणा. नाक्यावर मीच दिसल्यावर त्यांनी मुद्दाम सरकारी चेहरा केला आणि बटव्यातनं दाखला काढून समोर धरला. मी माझीच सही वाचली. तेव्हासुद्धा टेबलावर सुई होती, पातेलं उकळत होतं. खरं तर तेव्हा टोचून काही उपयोग नव्हता, लस अंगात मुरायला आठवडाभर लागतो, हे मला कोर्समध्ये शिकवलेलं. पण टोचावं असं मनातसुद्धा आलं नाही, हे खरं. मी नाटकीपणानं म्हणालो, जाऊ शकता. काकूंनी दवण्याची एक काडी मोडून माझ्या खिशात खोचली. बोळे ठेवून स्पिरिटनं ओल्या झालेल्या खिशात.

परत आल्यावर चौथ्या दिवशी त्यांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. कुठलं पाणी, काय, कोण जाणे. त्याच गटातल्या इतर बायकांना काही झालं नाही. सकाळी साथीच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, तार करून सुधाकरला बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत काकू गेल्या. त्या आजारात माणूस वाळत जातं. एका दिवसात त्यांचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. दंड तसाच होता.

पटकीनं मृत्यू झाला की त्या घरी आरोग्य खात्याचा माणूस जातो. भांडी उकळायला लावतो, मोरीत औषध टाकतो, हौद धुऊन घेतो. त्या भागाचा माणूस मी होतो. ज्या स्वयंपाकघरात बसून आम्ही हाडं पाठ केली, तिथं मी ब्लिचिंग पावडरची बादली घेऊन उभा. परातीत अजून पीठ चिकटलेलं. आमचे साहेब दारात उभे राहून छापील कागद भरत होते. नाव. वय. पाणी कुठलं. यात्रेला गेल्या होत्या काय. आणि मग तो रकाना, लस टोचली होती काय. साहेबांनी विचारलं तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. सुधाकर भिंतीला टेकून बसला होता, दोन दिवसांची दाढी, अंगावर मिरजेहून निघतानाचाच शर्ट.

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो, मला आजही माहीत नाही. खरं सांगणार होतो असं स्वतःला सांगायला मी वीस वर्षं प्रयत्न केलाय.

"होय," सुधाकर म्हणाला. "यानंच टोचली. मी समोर होतो." आणि आईच्या बटव्यातला तो बदामी कागद काढून साहेबांना दिला.

साहेबांनी रकान्यात 'होय' लिहिलं आणि हळहळले, लस घेऊनसुद्धा म्हणाले. माझी नोकरी वाचली. सुधाकरनं मला वाचवलं की 'जाऊ दे की आई' म्हटलेलं स्वतःचं वाक्य पुसलं, ते मी त्याला विचारलं नाही. त्यानं मला काही विचारलं नाही. पत्रं थांबली. तो डॉक्टर झाला, आमच्याच राजारामपुरीत त्यानं दवाखाना टाकला, चांगला डॉक्टर आहे. रस्त्यात भेटला की म्हणतो, "काय डॉक्टर?" बाकीच्या गल्लीनं तसं म्हणायचं केव्हाच सोडलं. तो एकटा सोडत नाही. आणि म्हणताना हसत नाही.

अण्णांना मी तेव्हाच सांगितलं होतं. ते ऐकून उठले, पुढच्या खोलीत गेले आणि त्या दाराला अडसर लावून आले. पुढच्या चैत्रात कडी वाजली, अण्णांनी खिडकीतनंच सांगितलं, टेबल शाळेत लागतंय, तिकडं जावा. मी त्या वर्षी आणि नंतरची सगळी वर्षं ओळखीच्या एकूण एक माणसाला टोचलं. मास्तरांना, वाण्याला, माझ्या सासऱ्यांना लग्नाच्या आधी. सासरे अजून सांगतात, जावयानं पहिल्या भेटीत रक्त काढलं म्हणून. मी फार कडक, फार प्रामाणिक म्हणून खात्यात नाव झालं. लोक म्हणायचे, सख्ख्या बापाला सोडत नाही हा. खरंच सोडलं नव्हतं.

मग काही वर्षांनी एक परिपत्रक आलं. पटकीची लस यात्रेकरूंना यापुढे सक्तीची नाही. तिचा उपयोग फार थोडा, तोही थोडे दिवस. ठिकठिकाणच्या नोंदींवरनं असं दिसून आलंय की टोचलेल्यांनाही रोग होतो. ऑफिसात आनंदीआनंद झाला, चैत्रात उन्हात बसायचं टळलं म्हणून. चहा मागवला. मी कप हातात घेऊन ते सायक्लोस्टाइल केलेलं पान तीनदा वाचलं. म्हणजे मी टोचलं असतं तरी काकू बहुधा गेल्याच असत्या. सुटलो की मी. निर्दोष. सही-शिक्क्यानिशी.

पण मग मी आयुष्यभर केलं काय? एवढे दंड सुजवले, एवढ्या पोरांना रडवलं, बापाला जे हवं होतं ते सोडून हे धरलं, ते सगळं बिनकामाचं. लस चांगली म्हणावी तर मी काकूंना मारलं. लस वाईट म्हणावी तर मी काहीच केलं नाही, कधीच. या दोन्हींतलं कुठलं पत्करायचं, ते मला चहा गार झाला तरी ठरवता येईना. आणि त्याहून वाईट गोष्ट घरी येताना सायकलवर सुचली. नोंदींवरनं दिसून आलं, असं लिहिलं होतं. कुठल्या नोंदी? टोचली होती काय, होय, तरी दगावली. असे जे काही कागद राज्यभरातनं गोळा झाले असतील, त्यात एक आमच्या साहेबांच्या अक्षरातला होता. आणि ज्या गावात ओळख आहे आणि कोरे दाखले आहेत, तिथं तिथं असे किती 'होय' असतील? मला सोडवणारी साक्ष मीच दिली होती. खोटी.

तर अलकाचा अर्ज. त्याला जोडायला डॉक्टरचा दाखला लागतो, प्रकृती ठीक आहे, टायफॉइडची लस घेतली आहे वगैरे. कुठल्याही डॉक्टरकडे जाता आलं असतं. परवा दवण्याच्या वासातनं चालता चालता माझे पाय सुधाकरच्या दवाखान्याकडे वळले, पोर बरोबर होतीच. संध्याकाळची वेळ, पेशंट दोनच. त्यानं आम्हाला आत घेतलं, अलकाला विचारलं काय होणार, ती म्हणाली नर्स. त्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, छान. तेवढंच, पण मार्क कमी पडतील म्हणून का असं विचारलं नाही. असं न विचारणारा पहिला माणूस.

मग त्यानं कागद ओढला आणि भराभर लिहायला लागला. उंची, वजन विचारून. नाडीला हात नाही, छातीला नळी नाही. मी समोर बसून बघत होतो. लशीच्या रकान्याशी पेन आलं.

"घेतली नाही अजून," अलका म्हणाली.

"असू दे गं. घरचीच पोर तू. हात सुजेल उगीच," असं म्हणत त्यानं पेन टेकवलंसुद्धा.

"सुध्या, टोच तिला," मी म्हणालो.

वीस वर्षांत मी त्याला सुध्या म्हटलं नव्हतं. पेन कागदावर होतं तिथंच राहिलं. मग त्यानं ते खाली ठेवलं, उठला, स्टरिलायझरचं बटण दाबलं आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पाणी उकळायला लागलं. अलका एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्या पाठीकडे बघत होती.

"ती लस तशी कामाची नव्हती, वश्या," तो न वळता म्हणाला. "आता पुस्तकातच आलंय."

"पुस्तकात कशावरनं आलं?" मी विचारलं. "आपण सांगितलं त्याच्यावरनंच की."

त्यानं झाकण उघडलं. चिमट्यानं सुई काढली.  अलकानं बाही वर केली. त्यानं स्पिरिट लावलं, तो डाग वाळू दिला, आणि टोचलं. मग टेबलाशी येऊन, पेन झटकून, त्या रकान्यात 'होय' लिहिलं. कागद मला देताना त्यानं 'काय डॉक्टर' म्हटलं नाही.  क्षमा वगैरे झाली असं कुणी समजू नये. दोन मध्यमवयीन माणसांनी एका पोरीला सुई टोचली, एवढंच झालं.

बाहेर आलो. कोपऱ्यावरच्या बाईनं दवण्याची जुडी पुढे केली, मी घेतली नाही. अलका दंड चोळत चालत होती.

"डॉक्टरकाकांचा हात जरा जड आहे," ती म्हणाली. "आजोबा सांगतात, तुमचा फार हलका होता म्हणे."

होता, मी म्हणालो. फार हलका. काकूंना तर लागलासुद्धा नाही.